माझ्या वतीने दिलेले मत

२१ जुलै २०२२ च्या संध्याकाळी राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीची मतमोजणी चालू होती आणि आई दूरचित्रवाणीसमोर खुर्ची ओढून बसली होती. एरवी बातम्या ऐकताना तिचे हात कशात तरी गुंतलेले असतात; त्या दिवशी ते मांडीवर स्वस्थ होते. ओडिशातल्या मयूरभंज जिल्ह्यात संथाळ घरात जन्मलेली, शाळेत शिकवण्याचे काम केलेली, नवरा आणि दोन तरुण मुलगे गमावूनही उभी राहिलेली एक बाई देशाच्या सर्वोच्च पदावर बसणार, याचे तिला मनापासून अप्रूप होते. तिसऱ्या फेरीअखेर द्रौपदी मुर्मू यांनी निम्म्याचा टप्पा ओलांडल्याचे जाहीर झाले, तेव्हा आईने समाधानाने मान हलवली आणि मग उगाचच डाव्या हाताच्या तर्जनीकडे पाहिले. बोट अर्थातच कोरे होते. "या बाईंना मला मत द्यायचं होतं," ती म्हणाली. आपल्या वतीने आमदार-खासदार मत देतात, हे मी तिला सांगण्याची गरज नव्हती. तरीही मी सांगितले. त्यावर तिने विचारले, "माझ्या वतीनं दिलं म्हणतेस, मग कुणाला दिलं हे त्यांनी मला सांगायला नको का?"

त्यांनी सांगितले नव्हते, आणि सांगावे असा नियमही नाही.

आईचा हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून आहे. लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकांत मत कुणाला दिले हे गुप्त ठेवण्याचा हक्क माझा असतो. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत तोच हक्क माझ्या प्रतिनिधीला मिळतो आणि तो मला माझ्याच मतापासून दूर ठेवतो. ही गोष्ट अन्यायाची मानायची की शहाणपणाची, याचा विचार करताना मी त्या निवडणुकीच्या तपशिलांत शिरले आणि तिथे मला जे दिसले, त्याने मी एकाच वेळी भारावले आणि अस्वस्थही झाले.

त्या वर्षी मतदान १८ जुलैला झाले. आपल्या आमदारांनी मुंबईत विधान भवनात मत दिले. खासदारांची मतपत्रिका हिरवी आणि आमदारांची गुलाबी असते. मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसतो, यंत्राचे बटण दाबायचे नसते. उमेदवारांच्या नावांपुढे पसंतीचा क्रम आकड्यात लिहायचा असतो. तो आकडा कोणत्याही भारतीय भाषेच्या अंकात चालतो, म्हणजे देवनागरीतला '१' सुद्धा चालतो. अक्षरात 'एक' लिहिले की मत बाद होते. आमदाराने खिशातले पेन वापरायचे नाही. २०१७ पासून निवडणूक आयोग जांभळ्या शाईचे खास पेन मतदानाच्या जागी देतो आणि दुसऱ्या कोणत्याही पेनाने उमटवलेला आकडा अवैध ठरतो. मतदान संपल्यावर प्रत्येक राज्याची पेटी मोहोरबंद करून दिल्लीला नेली जाते. २०२२ मध्ये या पेट्यांसाठी विमानात वेगळी तिकिटे काढलेली होती, प्रवाशाच्या नावाच्या जागी 'मिस्टर बॅलट बॉक्स' असे लिहिलेले होते, आणि पेटीला पहिल्या रांगेत, सोबतच्या अधिकाऱ्याशेजारी जागा दिलेली होती. हे वाचताना मला गहिवरून आले. कोट्यवधी माणसांच्या इच्छेचे प्रतिनिधित्व करणारी ती पेटी सामानाच्या कप्प्यात न टाकता माणसासारखी आसनावर बसवावी, असे ज्या व्यवस्थेला वाटते, त्या व्यवस्थेच्या मनात मताविषयी आदर नक्कीच आहे.

तो आदर गणितातही आहे. महाराष्ट्राच्या आमदाराच्या एका मताचे मूल्य १७५ आहे. हा आकडा कुठून आला ते मी एकदा कागदावर मांडून पाहिले. महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ घ्यायची, तिला विधानसभेच्या २८८ जागांनी भागायचे, येणाऱ्या आकड्याला पुन्हा हजाराने भागायचे आणि उरलेला अपूर्णांक अर्ध्यापेक्षा कमी असल्यास सोडून द्यायचा. उत्तर प्रदेशाच्या आमदाराच्या बाबतीत हाच भागाकार २०८ येतो, सिक्कीमच्या आमदाराच्या बाबतीत ७. देशातल्या सगळ्या आमदारांच्या मतमूल्याची बेरीज करायची आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांतल्या निवडून आलेल्या सदस्यांमध्ये ती समान वाटायची. म्हणजे राज्ये एका पारड्यात आणि संसद दुसऱ्या पारड्यात समतोल राहतात. विधान परिषदेच्या सदस्यांना यात मत नाही, राष्ट्रपतींनी नेमलेल्या खासदारांनाही नाही. लोकांमधून आलेल्या प्रत्येक आमदाराने आत जाताना आपल्यामागची माणसे मोजून बरोबर न्यावीत, अशी ही कल्पना आहे. संविधानाच्या ५५ व्या अनुच्छेदातली ही वाक्ये कोरडी आहेत, पण त्यांच्यामागे समतेचा केवढा आग्रह आहे! मतदारसंघ लहान असो वा मोठा, राज्य डोंगराळ असो वा सपाट, माणूस मात्र सगळीकडे तेवढाच मोजला जावा, हे त्या भागाकाराचे म्हणणे आहे.

मग मी लोकसंख्येच्या त्या आकड्याकडे पुन्हा पाहिले. पाच कोटी चार लाख. आजचा महाराष्ट्र एवढा लहान नाही. २०११ च्या जनगणनेतच तो सव्वाअकरा कोटींच्या घरात पोहोचला होता. तो आकडा १९७१ चा आहे.

संविधानाच्या मूळ मजकुराप्रमाणे दर जनगणनेनंतर हे मूल्य नव्याने काढायचे होते. १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ते १९७१ च्या आकड्यांवर गोठवले गेले आणि २००१ साली चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत वाढवली गेली. १९७१ साली आई नुकतीच लग्न होऊन सासरी आली होती. शिरगणती करणारे मास्तर दारात आले, तेव्हा सासूबाईंनी तिचे नाव सांगितले आणि वय विचारल्यावर सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले, हे तिला अजून आठवते. सासरी आपले नाव पहिल्यांदा कागदावर चढले ते त्या दिवशी, असे ती सांगते. माझा जन्म त्यानंतरचा आहे. ज्या शिरगणतीवर माझ्या आमदाराच्या मताचे मूल्य ठरते, तिच्यात आई आहे, आजी-आजोबा आहेत, गावाकडची कितीतरी माणसे आहेत जी आता हयात नाहीत. मी नाही, माझा धाकटा भाऊ नाही, आमची मुले तर नाहीतच. देशातली आजची बहुसंख्य माणसे १९७१ नंतर जन्मलेली आहेत. आम्ही मतदार यादीत आहोत, रांगेत उभे राहतो, शाई लावून घेतो. पण राष्ट्रपती निवडताना आमचा प्रतिनिधी आमच्या जन्माआधीच्या महाराष्ट्राच्या वतीने बोलतो.

याला कारण नव्हते असे मात्र कुणी म्हणू नये. कुटुंबनियोजनाचे काम मनावर घेणाऱ्या राज्यांचे वजन त्यामुळेच घटले, तर ती त्यांना शिक्षाच झाली असती, आणि हा मुद्दा मला आजही पटतो. केरळच्या आमदाराचे मतमूल्य १५२ आहे आणि राजस्थानच्या आमदाराचे १२९. २०११ ची लोकसंख्या घेतली तर केरळचे २३९ होते आणि राजस्थानचे ३४३. म्हणजे क्रमच उलटतो. ज्या केरळने मुलींना शाळेत पाठवले, दवाखाने उभारले आणि त्यातूनच लोकसंख्येचा वेग आटोक्यात आणला, त्या केरळने या उलटापालटीकडे आनंदाने पाहावे असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? आणि राजस्थानातल्या बाडमेरमध्ये १९९० साली जन्मलेल्या मुलीला तरी मी काय सांगू, की तुझ्या आधीच्या पिढीने घेतलेल्या निर्णयांमुळे तुझी मोजणी पुढे ढकलली आहे? दोघींचेही म्हणणे मला खरे वाटते. मतदारसंघांच्या फेररचनेवर या संदर्भात पुष्कळ वाद झडतात, परंतु राष्ट्रपतींच्या निवडणुकीतल्या या गोठलेल्या आकड्यांचा उल्लेख त्या वादात क्वचितच येतो, याचे मला वाईट वाटते.

गोठलेल्या आकड्यांइतकीच मला एक रिकामी जागाही खुपली. २०१७ मध्ये खासदाराच्या मताचे मूल्य ७०८ होते, २०२२ मध्ये ते ७०० झाले. जम्मू-काश्मीरमध्ये त्या वेळी विधानसभाच अस्तित्वात नव्हती, त्यामुळे तिथल्या आमदारांचे मतमूल्य एकूण बेरजेतून गळाले आणि देशभरातल्या प्रत्येक खासदाराचे मत आठने हलके झाले. एखाद्या राज्याची विधानसभा विसर्जित असली तरी राष्ट्रपतींची निवडणूक थांबत नाही. १९७४ साली गुजरातच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने तसा अभिप्राय दिला होता आणि निवडणूक वेळेवर होणे किती आवश्यक आहे हे पाहता तो योग्यच म्हटला पाहिजे. तरीही एका संपूर्ण प्रदेशातल्या माणसांची विधानसभेच्या वाटेने होणारी मोजणी एका निवडणुकीपुरती शून्य होते आणि तिची खूण फक्त सातशे आठच्या जागी सातशे एवढीच उरते, हे वाचून मी बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे पाहत राहिले होते.

आईच्या मनातली इच्छा संविधान सभेतही कुणीतरी बोलून दाखवली होती. प्राध्यापक के. टी. शहा यांनी राष्ट्रपतींची निवड सर्व प्रौढ नागरिकांनी थेट करावी, अशी सूचना आग्रहाने मांडली होती. तिला विरोध करताना पंडित नेहरूंचे म्हणणे असे होते, की सत्ता मंत्रिमंडळाकडे आणि संसदेकडे ठेवायची आणि राष्ट्रपतींना मात्र साऱ्या देशाने थेट निवडायचे, हे विसंगत होईल. डॉ. आंबेडकरांनी मतदारांच्या प्रचंड संख्येचा आणि एवढी निवडणूक घेण्यासाठी लागणाऱ्या यंत्रणेचा प्रश्नही पुढे ठेवला. राष्ट्रपती राष्ट्राचे प्रतिनिधित्व करतो, राज्य करत नाही, ही त्यांची मांडणी तर सर्वपरिचित आहे. शहांची सूचना फेटाळली गेली. १९५२ साली पहिली निवडणूक झाली, तेव्हा राजेंद्रप्रसादांच्या विरोधात हेच शहा उभे राहिले आणि त्यांना ९२,८२७ मतमूल्य मिळाले. राजेंद्रप्रसादांना ५,०७,४०० मिळाले. जी पद्धत आपल्याला मान्य नव्हती, तिच्यातूनच त्यांनी लढत दिली, याचे मला फार कौतुक वाटते.

नेहरूंचा युक्तिवाद मी मान्य करते, पण पूर्ण मनाने नाही, आणि त्याला कारण आयर्लंड आहे. आपल्या संविधानकारांनी ज्या देशांची संविधाने बारकाईने अभ्यासली, त्यांत आयर्लंड होता. तिथल्या राष्ट्राध्यक्षांकडेही राज्यकारभार नसतो. तरीही त्यांना लोक थेट निवडतात आणि तेही आपल्यासारख्याच पसंतीक्रमाच्या मतपत्रिकेवर. १९९० साली तिथे पहिल्या पसंतीच्या मतांत ब्रायन लेनिहान पुढे होते. तिसऱ्या उमेदवाराची मते दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटल्यावर मेरी रॉबिन्सन निवडून आल्या आणि आयर्लंडला पहिली महिला राष्ट्राध्यक्ष मिळाली. म्हणजे अधिकार थोडे आणि निवड थेट, हे अशक्य नाही. दुसऱ्या बाजूला अमेरिका आहे, जिथे अध्यक्षाच्या हाती प्रचंड सत्ता असते, मतदार स्वतः मत देतो आणि तरीही निकाल राज्याराज्यांतून निवडलेल्या ५३८ निर्वाचकांच्या बेरजेने ठरतो. २००० साली अल गोर यांना देशभरात पाच लाखांहून अधिक मते जास्त मिळाली होती, २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना अठ्ठावीस लाखांहून अधिक, दोघेही हरले. तिथल्या मतदाराला मत दिल्याचे समाधान मिळते आणि तरी त्याच्या मताचे वजन त्याच्या राज्यावर अवलंबून राहते. थेट मतदान म्हणजे लोकशाही आणि अप्रत्यक्ष मतदान म्हणजे तिची उणीव, असे सोपे समीकरण मला या दोन देशांकडे पाहून मांडता येत नाही. आपल्याकडे कोट्यवधी मतांनी थेट निवडून आलेली व्यक्ती मंत्रिमंडळाचा सल्ला निमूटपणे मानेल का, ही नेहरूंची शंका आजच्या भारतात मला अधिकच खरी वाटते.

परंतु प्रतिनिधीने मत द्यायचे असे एकदा ठरल्यावर, त्या प्रतिनिधीने कुणाचे ऐकायचे? पक्षाचे, मतदारांचे की स्वतःच्या मनाचे?

हा प्रश्न १९६९ साली जितका उघडपणे विचारला गेला, तितका त्याआधी किंवा नंतर कधीच विचारला गेला नाही. मे महिन्यात झाकिर हुसेन यांचे पदावर असतानाच निधन झाले होते. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी होते, व्ही. व्ही. गिरी अपक्ष म्हणून उभे होते, आणि तिसरे उमेदवार होते आपले चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नेहरूंच्या मंत्रिमंडळातले अर्थमंत्री, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली त्या मंत्रिपदाचा राजीनामा देऊन बाहेर पडलेला माणूस; महाराष्ट्राने त्यांना त्या राजीनाम्यासाठी जे प्रेम दिले, ते आमच्या आजोबांच्या बोलण्यात मी लहानपणी पुष्कळदा ऐकले आहे. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी देशमुखांना उमेदवारी दिली होती. रेड्डी यांच्या उमेदवारी अर्जावर सही करणाऱ्या इंदिरा गांधींनीच मतदानाच्या तोंडावर आमदार-खासदारांना सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून मत देण्याचे आवाहन केले. पहिल्या पसंतीच्या मोजणीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मतमूल्य मिळाले. जिंकण्यासाठी ४,१८,१६९ हवे होते आणि ते कुणालाच मिळाले नव्हते. मग मागच्या उमेदवारांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती मोजली गेली. देशमुखांच्या पाठीराख्यांनी मुख्यतः रेड्डींना दुसरी पसंती दिलेली होती आणि रेड्डी झपाट्याने वर आले, पण गिरी ४,२०,०७७ वर पोहोचले आणि निवडून आले. आवश्यक कोट्यापेक्षा त्यांना १,९०८ मतमूल्य अधिक होते. त्या वेळी एका खासदाराच्या मताचे मूल्य ५७६ होते. म्हणजे चार खासदारांच्या मतांएवढेही ते अंतर नव्हते.

मी या आकड्यांकडे जितक्यांदा पाहते, तितक्यांदा माझ्या मनात दोन भावना उठतात. पक्षाने सांगितले म्हणून हात वर करणाऱ्या माणसांनी एकदा तरी स्वतःला विचारून मत दिले, देशाचा सर्वोच्च नागरिक त्यातून निवडला गेला, आणि पुढे त्या निवडीवर आक्षेप घेतला गेला तेव्हा पदावर असलेले गिरी सर्वोच्च न्यायालयात साक्षीला स्वतः हजर राहिले. लोकशाहीला याहून अधिक काय शोभते? पण त्याच वेळी हेही दिसते, की सद्सद्विवेकाचे ते आवाहन पक्षातल्या सत्तासंघर्षातून आले होते, त्या संघर्षात वर्ष संपण्यापूर्वी काँग्रेस दुभंगली, आणि या सगळ्या घडामोडीत मतदार कुठेच नव्हता. नगर किंवा नांदेडच्या मतदाराला कुणी विचारले नव्हते, की देशमुख हवेत, गिरी हवेत की रेड्डी. महाराष्ट्रातल्या किती आमदारांनी देशमुखांसारख्या माणसाला आपल्या मनाने मत द्यावेसे वाटूनही दिले नसेल, हे कधीच कळणार नाही.

कळणार नाही, कारण मत गुप्त आहे. या निवडणुकीत पक्षाला व्हिप काढता येत नाही, पक्षांतरबंदीचा कायदा लागू होत नाही, आणि मतपत्रिका कुणाला दाखवली तर मत रद्द होते. राज्यसभेच्या निवडणुकीत याच्या अगदी उलट आहे; २००३ पासून तिथे आमदाराला आपले मत पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावे लागते. एकाच आमदाराला एका निवडणुकीत पक्षासमोर उघडे राहण्याची सक्ती आणि दुसऱ्या निवडणुकीत सगळ्यांपासून लपण्याचा अधिकार. मला दुसरी तरतूद मनापासून आवडते. आपल्याकडे आमदाराला स्वतःचे मन वापरण्याची जागा इतकी थोडी उरली आहे, की विधान भवनातल्या त्या आडोशामागे, जांभळ्या शाईचे पेन हातात घेतल्यावर तरी तो एकटा असतो, याचे मला मोल वाटते. २००७ साली शिवसेनेने आपल्याच राष्ट्रीय लोकशाही आघाडीच्या पाठिंब्याचा उमेदवार बाजूला ठेवून महाराष्ट्राच्या म्हणून प्रतिभाताई पाटील यांना पाठिंबा दिला, तेव्हा त्या पक्षाने तो निर्णय उघडपणे घेतला होता आणि लोकांना त्याचे कारणही ठाऊक होते. एकट्या आमदाराने वेगळे मत दिले तर मात्र त्याचे कारण कुणालाच ऐकायला मिळत नाही. २०२२ मध्ये पक्षाच्या भूमिकेपलीकडे जाऊन मुर्मू यांना मत दिलेले आमदार बऱ्याच राज्यांत होते, असे मोजणीनंतर स्पष्ट झाले. त्यांतले काही विवेकाने गेले असतील, काही अन्य कारणांनी; आणि ज्या मतदारांनी त्यांना पाठवले, त्यांच्यासाठी विवेक आणि सौदा यांच्यातला फरक त्या पेटीत कायमचा बंद झाला. त्याच मोजणीत १५ खासदारांची मते अवैध ठरली. कायदे करणाऱ्या सभागृहातल्या पंधरा जणांना पसंतीचा आकडा नीट लिहिता आला नाही की लिहायचा नव्हता, हेही आपल्याला ठाऊक नाही. प्रत्येक मतामागे लाखो माणसे होती.

गुप्ततेपेक्षाही मला अधिक खटकते ते मतदानाआधीचे मौन. उमेदवाराला आज पन्नास सूचक आणि पन्नास अनुमोदक लागतात, तेही आमदार-खासदारांमधून. अनामत रक्कम पंधरा हजार रुपये आहे. पूर्वी अशी अट नव्हती, तेव्हा १९६७ साली सतरा उमेदवार उभे होते आणि त्यांतल्या नऊ जणांना एकही मत पडले नव्हते, म्हणून ही चाळणी आली. तिचा हेतू मी समजू शकते. मात्र तिचा परिणाम असा झाला, की मोठ्या पक्षांच्या बैठकीत ज्याचे नाव निघते तोच खरा उमेदवार ठरतो, आणि ते नाव निवडणुकीच्या जेमतेम काही आठवडे आधी बाहेर येते. त्यानंतर उमेदवार राज्याराज्यांत जातात आणि आमदारांना भेटतात. या भेटी बंद दाराआड होतात. ज्यांच्या लोकसंख्येने त्या आमदाराच्या मताला मूल्य येते, त्या माणसांसमोर उमेदवाराने एकदाही उभे राहू नये, असे कोणत्याही अनुच्छेदात लिहिलेले नाही. तो केवळ रूढ झालेला प्रघात आहे.

राष्ट्रपतिपद नाममात्र आहे, मग एवढा विचार कशाला, असे मला एका स्नेह्यांनी विचारले होते. २५ जून १९७५ च्या रात्री फक्रुद्दिन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. त्या एका सहीनंतर किती माणसे तुरुंगात गेली हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. १९९७ साली उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस के. आर. नारायणन यांनी फेरविचारासाठी परत पाठवली आणि मंत्रिमंडळाने ती मागे घेतली. लाभाच्या पदांविषयीचे विधेयक २००६ साली डॉ. कलाम यांनी एकदा परत केले होते. आपल्या राष्ट्रपतींच्या हाती थांबवण्याची, एकदा पुन्हा विचार करा असे म्हणण्याची ताकद आहे, आणि ती वापरायची की नाही हे सर्वस्वी त्या व्यक्तीच्या घडणीवर अवलंबून असते. म्हणून ती व्यक्ती कोण आहे, याच्याशी माझा संबंध येतो. नारायणन १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत राष्ट्रपती असताना इतर मतदारांसोबत रांगेत उभे राहिले आणि मत देऊन आले. तोवर कोणत्याही राष्ट्रपतींनी पदावर असताना सार्वत्रिक निवडणुकीत मत दिले नव्हते. जी निवडणूक त्यांनी जिंकली होती तिच्यात सामान्य मतदार नव्हता, आणि त्या मतदाराच्या निवडणुकीत ते मात्र स्वतःहून आले.

तेव्हा ही निवडणूक खरोखर लोकशाहीची आहे का? माझे उत्तर असे आहे, की तिची रचना लोकशाहीची आहे आणि तिचा व्यवहार अर्ध्यावर थांबतो. माणसे मोजण्याचा तिचा आग्रह मला वंदनीय वाटतो, पण ती मोजणी जुनी झाली आहे. प्रतिनिधीला एकांत देण्याची तिची तरतूद मी कुणालाही बदलू देणार नाही, पण त्या एकांतात जाण्याआधी आणि तिथून बाहेर आल्यावर प्रतिनिधीने मतदारांशी बोलायला कायद्याची आडकाठी नाही. मतपत्रिका दाखवणे निषिद्ध आहे. कोणत्या गुणांचा राष्ट्रपती हवा, समोरच्या उमेदवारांविषयी आपले मत काय आहे, आणीबाणीसारख्या रात्री त्या व्यक्तीने काय करावे असे आपल्याला वाटते, हे चारचौघांत सांगणे निषिद्ध नाही. आमच्या मतदारसंघात असे बोललेला आमदार मी तरी पाहिलेला नाही, कोणत्याही पक्षाचा.

विद्यमान राष्ट्रपतींची मुदत जुलै २०२७ मध्ये संपते. पुढच्या उमेदवारांची नावे जाहीर होताच मी आमच्या आमदारांना पत्र लिहिणार आहे. त्यांचे मत मी मागणार नाही, तो अधिकार मला नाही आणि नको आहे. मतदानाला जाण्यापूर्वी एक दिवस मतदारसंघातल्या एखाद्या शाळेच्या पटांगणात सभा घ्यावी, दोन्ही उमेदवारांविषयी स्वतःला काय वाटते ते मोकळेपणाने सांगावे, लोकांना प्रश्न विचारू द्यावेत आणि मग विधान भवनात जाऊन मनाला पटेल ते करावे, एवढीच विनंती त्यात असेल. पत्राची एक प्रत आमच्या खासदारांनाही पाठवीन, आणि शेजारच्या मतदारसंघांत राहणाऱ्या मैत्रिणींना आपापल्या आमदारांना असेच लिहायला सांगेन. मसुदा तयार आहे. त्यात उमेदवारांच्या नावांच्या जागा अजून मोकळ्या आहेत.